सुकटीतल्या सिगारेटी

दस्तगीर तांबोळ्याचं नाक लांब होतं, आणि त्या नाकावर राग बारा महिने मुक्कामाला असायचा. जुन्नरच्या पेठेत त्याचं पान-तंबाखूचं दुकान. दुकान म्हणजे काय, तर एक माणूस मांडी घालून बसला की दुसऱ्यानं रस्त्यात उभं राहावं, एवढीच जागा. पण तिथं बसून दस्तगीर असा बोलायचा, जणू अख्खी पेठ त्याच्या आज्यानंच वसवली. कात खराब निघाला की व्यापाऱ्याचा उद्धार, चुना जाड झाला की स्वतःचा उद्धार. आणि गिऱ्हाईक मुकाट्यानं पान चघळत निघालं, तर मग विचारूच नका. "अरं, काय गवत चावतूस का? पान हाय ते! बरं नाय तर बरं नाय म्हण!" एवढं ओरडून झालं की त्याच गिऱ्हाईकाला माघारी बोलवायचा आणि वर एक विडी फुकट द्यायचा. असा माणूस.

त्या विड्या त्याची बायको जहाँआरा घरी वळायची. सगळीकडे विडी टेंभुर्णीच्या पानाची असते. जहाँआराची विडी आपट्याच्या पानाची. दसऱ्याला आपण सोनं म्हणून एकमेकांच्या हातावर ठेवतो, तेच पान. आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात माणसं घरच्या ओढण्यापुरत्या अशा विड्या करत, तिनं त्या दुकानात आणल्या. पानं आणायची अंबाबाई, तिकडच्याच एका वाडीवरची. दर रविवारी बाजाराला डोक्यावर भारा घेऊन उतरायची. जहाँआरा पान ओलं करायची, कापायची, तंबाखू भरून वळायची आणि शेवटी हिरवा दोरा बांधायची. तिच्या हातची विडी दोऱ्यावरून ओळखू यायची आणि पेटवली की वासावरून. वास जरा उग्र, जरा गोडसर, पावसाळा संपल्यावर रानातून येतो तसा.

पण विडीवर दुकान चालत नव्हतं. कारखान्याच्या विड्या गाडीभर यायच्या, स्वस्त पडायच्या. दस्तगीरचं घर चालायचं ते सिगारेटीवर. पेठेतल्या शौकीन मंडळींना विलायती सिगारेट लागायची, ती तो पुण्याहून आणून ठेवायचा. त्यात पहिला मान भगवंतराव कंत्राटदाराचा. रस्त्याची, पुलाची कामं घेणारा माणूस. खिशात सोन्याच्या मुलाम्याची पेटी, बोटात सिगारेट, आणि धूर असा सोडायचा की समोरच्यानं पाहतच राहावं.

मग त्रेपन्न साल उजाडलं आणि भगवंतराव एकाएकी देवभोळा झाला.

घराजवळच्या लेण्याद्रीच्या पायऱ्या जो माणूस जन्मात चढला नाही, तो गोव्याला मंगेशीच्या दर्शनाला निघाला! एकदा गेला, दोनदा गेला. त्याच्यामागं वकील गेला, धान्याचा आडत्या गेला. दस्तगीरला वाटलं, चांगलं आहे, म्हातारपणी का होईना, पुण्य जोडतायत. पण परत आल्यावर एकही जण दुकानाकडं फिरकेना. समोरून जायचे ते रस्त्याच्या पलीकडून, मान वळवून.

गोष्ट अशी होती. गोवा तेव्हा फिरंग्यांचा. आपल्याकडं विलायती सिगारेटीवर सरकारचा कर सणसणीत, तिकडं नावापुरता. इथं एका डब्याला जे पडायचं त्यात तिकडं दोन डबे येऊन वर चहाला सुटे उरायचे. ओढण्यापुरत्या जवळ असल्या तर हद्दीवरचा कस्टमवाला कानाडोळा करायचा. मग काय, पाच-पाचशे सिगारेटीसुद्धा 'ओढण्यापुरत्या' होत होत्या! कुणी कोटाच्या अस्तरात, कुणी प्रसादाच्या नारळांखाली. देवदर्शनाचं पुण्य आणि सिगारेटीचा डबा एकाच फेरीत.

"म्हंजी देव तिकडं, धूर तिकडं, नि मी इथं माश्या मारतुया!" दस्तगीरनं कात कुटायचा बत्ता असा आपटला की शेजारचा शिंपी दचकला.

रागानं पोट भरत नाही. पावसाळ्याआधीच दुकानाची कळा गेली. जहाँआराचा भाऊ पीरमहंमद भिवंडीला कापडाच्या मागावर कामाला होता. त्यानं निरोप धाडला, ईद झाली की इकडं या, दोघांना काम आहे, राहायला खोलीचा कोपरा आहे. दस्तगीरनं बायकोला सांगितलं, "ईदीपर्यंत बघू. न्हाईतर टाळं लावू नि जाऊ."

त्या दिवशी वळलेल्या विड्या जहाँआरानं पुन्हा सोडल्या आणि पुन्हा वळल्या. तिचा बाप जुन्नरच्या मातीत, तिचं पहिलं लेकरू त्याच मातीत. भिवंडीच्या खोलीच्या कोपऱ्यात ती काय घेऊन जाणार होती? तिला जायचं नव्हतं. दस्तगीरलाही नव्हतं. पण हे एकमेकांना सांगायचं कुणी? दोघंही एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं असे हट्टी.

शेवटी दस्तगीरच्या डोक्यात आलं, हे सगळे तिकडून आणतात, तर मी का नाही? मी आणीन, यांच्यापेक्षा जास्त आणीन, आणि याच दुकानात बसून विकीन. शेजारचा अमजद ट्रक चालवायचा. चैतात कांदा निघाला की जुन्नर-आंबेगावचा कांदा घाट उतरून सावंतवाडीकडं, पार बांद्याच्या हद्दीपर्यंत पोचवायचा. येताना नारळ, कोकम, सुकी मासळी भरून आणायचा. दस्तगीर त्याच्या शेजारी जाऊन बसला.

जहाँआरानं वाटेत ओढायला म्हणून हिरव्या दोऱ्याच्या विड्यांची पिशवी भरून दिली. ट्रक निघायला आणि अंबाबाई भारा घेऊन यायला एकच गाठ पडली.

"दस्तगीरभाऊ, गोव्याला निघालाव व्हय? माझा बहिरू तिकडंच हाय बगा. खाणीवर. दोन दसरं झालं, तोंड दिसलं न्हाई. दिसला तर सांगा, आय वाट बगती म्हनावं."

"अंबामावशी, गोवा म्हंजी काय तुझ्या परसातलं वावर हाय का? तिथं हजार माणूस खाणीत मरतंय. मी काय हाका मारीत हिंडू?"

"तसं न्हाई वो. दिसला तर..."

"बरं बरं, दिसला तर," असं म्हणून दस्तगीरनं दार ओढून घेतलं. त्याचं सगळं चित्त सिगारेटीत होतं.

बांद्याला कांदा उतरवून अमजद हिशेबात गुंतला आणि दस्तगीर हद्दीजवळच्या एका चहाच्या छपरात बसला. आयुष्यात कधी कुणाची सुपारीसुद्धा न उचललेला माणूस, त्याला घाम फुटला होता. चोराच्या मनात चांदणं! प्रत्येक टोपीवाला त्याला कस्टमचा वाटायला लागला. धीर यावा म्हणून त्यानं एक विडी पेटवली.

दोन झुरके झाले नाहीत तोच चार-पाच माणसं समोर येऊन उभी राहिली. अंगानं काटकुळी, गुडघ्यापर्यंत खाणीची लाल माती. त्यातला एक नाक वर करून वास घेत होता.

"भाऊ, ही इडी कुठली वो?"

"का?" दस्तगीर सावध झाला.

"आपट्याची हाय न्हवं? आमच्या डोंगरात असली करत्यात." तो माणूस आणखी जवळ सरकला. "लई दिसांनी वास आला, भाऊ. एक देता का?"

दस्तगीरनं दिली. त्या माणसानं ती लगेच पेटवली नाही, आधी हातात धरून हुंगली. मग ओढली, डोळे मिटून घेतले आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं. सोबतचे त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. नंतर कळलं ते असं, की हे लोक सुट्टीच्या दिवशी हद्द ओलांडून मुद्दाम विडी घ्यायला इकडं येत होते. तिकडं सायबाची सिगारेट पाण्याच्या मोलानं आणि विडी मात्र महाग, शिवाय शिळी. मजुराला झुरका हवा तर त्यानं पायपीट करत या मुलखात यावं!

"तिकडच्या सिगारेटी हायत आमच्यापाशी," एकानं पदरची पुडकी काढली. "मुकादम पगारात लावतो. आमास्नी नकोत. फुळुक पानी. तुमी ह्या घ्या नि इड्या द्या."

दस्तगीरला आतून उकळ्या फुटल्या. कसली येडी माणसं! आपट्याच्या विड्या घेतात आणि विलायती माल देतात! त्यानं अख्खी पिशवी रिकामी केली. त्या माणसानं विचारलं, "तुमी कुठलं, भाऊ?" तर हा घाबरट, आपण चोरटा माल नेणार, गावाचं नाव कशाला सांगा, म्हणून पुटपुटला, "पुण्याकडचा." त्याचं नाव गाव यानंही विचारलं नाही. मिळालेल्या सिगारेटी आणि वर हद्दीपलीकडं जाऊन आणलेले डबे, असा सगळा माल घेऊन तो ट्रककडं पळाला.

आता माल लपवायचा कुठं? ट्रकमध्ये सुकटीच्या पाट्या भरल्या होत्या. दस्तगीरचे डोळे चमकले.

"चाचा, सुकटीत?" अमजदनं तोंड वासलं. "अवो, ओढायची चीज हाय ती!"

"गप रं! कस्टमवाला नाक दाबून लांबूनच जाईल. डोकं लागतं त्याला."

डबे खणखणतात, जागाही खातात, म्हणून या शहाण्यानं सगळे डबे फोडले, सिगारेटी फडक्यात बांधल्या आणि पाटीच्या तळाशी, सुकटीच्या पोटात सारल्या. ज्याचं उभं आयुष्य वासावर गेलं, तंबाखूशेजारी साबण ठेवला म्हणून ज्यानं बायकोशी आठवडाभर अबोला धरला होता, त्या माणसानं हे केलं बरं का! भीती माणसाचं नाकसुद्धा बंद करते.

कस्टमवाला आला, नाक दाबलं, लांबूनच गेला. आंबोलीचा घाट चढेपर्यंत दस्तगीर स्वतःच्या अकलेवर खूश होऊन गाणं गुणगुणत होता.

रविवारी बाजाराच्या दिवशी त्यानं सिगारेटी मांडल्या आणि भगवंतरावाला मुद्दाम बोलावणं धाडलं. भाव असा लावला की मंगेशीला जायचं कारणच उरू नये. भगवंतराव आला, ऐटीत पायरीवर पाय ठेवला, सिगारेट पेटवली आणि छाती भरून झुरका घेतला.

त्याचे डोळे गरकन फिरले. तो खोकला, शिंकला, पुन्हा खोकला. "दस्तगीर... अरे... हे काय आहे? सिगारेट आहे का भाजलेला बोंबील?"

पेठ जमली. शिंपी आला, आडत्या आला. प्रत्येकानं एकेक हुंगली आणि प्रत्येकाच्या तोंडावर तेच. कुणीतरी ओरडलं, "तांबोळीबुवा, एक कोळंबी द्या, पाकीट बांधून!" मग जी हसायची लाट उठली ती पार वेशीपर्यंत. एक मांजर खरोखरच फळीवर चढून बसलं. जन्मभर दुसऱ्यांना बोलणारा दस्तगीर त्या दिवशी एक शब्द बोलला नाही. त्यानं फळ्या लावल्या आणि मागच्या दारानं घरात जाऊन भिंतीकडं तोंड करून बसला.

"पीरमहंमदला निरोप धाड," तो म्हणाला. "तेल गेलं, तूप गेलं, हातात धुपाटणं आलं. जाऊ आपण भिवंडीला."

जहाँआरा दारातच उभी होती. तिच्या मागं अंबाबाई, डोक्यावरचा भारा तसाच. टाळं लागणार हे कानावर येताच म्हातारीचं तोंड उतरलं. तिचा भारा दुसरं कोण घेणार? कारखान्याला आपट्याचं पान नको होतं. तरी तिनं आधी विचारायचं तेच विचारलं.

"भाऊ, माझा बहिरू दिसला का वो?"

"न्हाई गं मावशी," दस्तगीर भिंतीकडं बघतच म्हणाला. "खाणीवरली माणसं भेटली, पर तुझा बहिरू कुठला त्यात. एक व्हता तुमच्या डोंगराकडचा. आपट्याची विडी हुंगून रडाया लागला बिचारा..."

बोलता बोलता तो थांबला.

"डाव्या भुवईवर खोक व्हती का?" अंबाबाईनं भारा खाली टाकला. "ल्हानपनी करवंदीच्या जाळीत पडला व्हता त्यो!"

खोक होती. दस्तगीरला आता ती लख्ख दिसत होती. विडीच्या धुराआड मिटलेले डोळे आणि वर ती खोक. तो वळला. अंबाबाई रडत होती आणि हसतही होती. "हाय! जित्ता हाय! माझ्या हातची पानं वढली रं त्यानं!"

"आणि तुम्ही नाव विचारलं नाही?" जहाँआरानं विचारलं.

"न्हाई," दस्तगीर म्हणाला. एवढंच. लाजेनं त्याचा जीव अर्धा झाला.

जहाँआराचा आवाज चढला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असा आवाज दस्तगीरनं ऐकला नव्हता. "अजी, एक सांगा. ती माणसं हद्द ओलांडून कशाला आली होती?"

"विडीला."

"कुणाची विडी हुंगून रडली?"

"तुझी."

"मग! दोन मुलूख ओलांडून लोक माझी विडी शोधत होते, अन् तुम्ही त्या देऊन सुकटीचा धूर घेऊन आलात! भगवंतरावाला तिकडची स्वस्त सिगारेट पाहिजे, तसं खाणीवाल्याला इकडची स्वस्त विडी पाहिजे. रस्ता एकच आहे, तुम्ही उलट्या तोंडानं चालत होता. काखेत कळसा नि गावाला वळसा! मी नाही येत भिवंडीला. तुम्हाला जायचं तर जा. अमजदच्या पुढच्या ट्रकमध्ये माझी पाटी जाईल."

झालं! जे दोघांनी महिनोन्महिने पोटात ठेवलं होतं ते भांडणात बाहेर पडलं. दस्तगीर उठला, तोंड धुतलं आणि म्हणाला, "पाटी कशाला? पेटारा दे. नि सुकटीपासून लांब ठिवाया सांग त्याला."

ईदीच्या आधी अमजदचा ट्रक पुन्हा गेला. बांद्याच्या बाजारात, आपल्याच हद्दीत, चहाच्या त्या छपराशेजारी राजरोस विकायच्या म्हणून पेटाराभर विड्या गेल्या, आणि 'डाव्या भुवईवर खोक असलेल्या बहिरूला' आईचा निरोप गेला. इकडं दिवस काढणं कठीण झालं. ईद झाली. पीरमहंमद भिवंडीहून स्वतःच आला, सामान बांधायला म्हणून दोर घेऊन. जहाँआरानं त्याला शीरखुर्मा वाढला आणि दोर खुंटीला टांगून ठेवला.

दुसऱ्या दिवशी ट्रक आला. अमजदनं पेटारा उतरवला, उलटा केला आणि वर थाप मारली. नुसता ढोलासारखा वाजला. "चाचा, दुपारच्या आत रिकामा! बांद्याचा दुकानदार म्हनतो, पुढच्या खेपेला दोन पेटारे आना. अन् अंबामावशी कुठं हाय? बहिरू भेटला. तुमच्या निरोपानं खाली बसला बगा रस्त्यातच. खाणीच्या ठेकेदाराशी करार हाय त्याचा, तो संपला की येतो म्हनाला."

पीरमहंमदनं दोराकडं बघितलं, बहिणीकडं बघितलं. मग खुंटीवरचा दोर काढून त्यानं रिकाम्या पेटाऱ्याच्या तुटक्या कडीला बांधला. "कडी ढिली झालीय," तो म्हणाला, "माल पडेल." आणि एकटाच भिवंडीला गेला.

त्या वर्षापासून अंबाबाईच्या वाडीवरच्या आणखी बायका पानं घेऊन उतरायला लागल्या. जहाँआरानं शेजारच्या दिलशादला, सिताराला वळायला शिकवलं, पण हिरवा दोरा मात्र प्रत्येक विडी बघून स्वतः बांधायची. एखादी सैल निघाली की दस्तगीरपेक्षा मोठ्यानं ओरडायची. दस्तगीर म्हणायचा, नवऱ्याचा वाण नाही पण गुण लागला.

पंचावन्न साली गोव्याची हद्द बंद झाली. माणूस जाईना, माल येईना; खाणीवरचे मजूर तेवढे माघारी सुटत होते. पेठेतले लोक म्हणाले, गेला तांबोळी पुन्हा बाराच्या भावात. पण तोवर हिरव्या दोऱ्याची विडी सावंतवाडीत, कोल्हापुरात, वाटेवरच्या ट्रकवाल्यांच्या ढाब्यांवर पोचली होती. चटक लागलेला माणूस हद्द बघत नाही. बंद झाली ती भगवंतरावाची मंगेशी.

एका रविवारी तो दुकानासमोर येऊन उभा राहिला. सोन्याच्या मुलाम्याची पेटी उघडून दाखवली, आत काही नव्हतं.

"दस्तगीर, सिगारेट आहे का रे काही?"

"हाय की!" दस्तगीरनं वरच्या फळीवरून फडक्यात बांधलेलं गाठोडं काढलं. "तुमच्यासाठीच जपून ठिवल्यात. खास गोव्याच्या."

भगवंतरावानं वास घेतला आणि दोन पावलं मागं सरला. मग पोट धरून हसला. दस्तगीरही हसला. हसता हसता त्यानं एक हिरव्या दोऱ्याची विडी पुढं केली. भगवंतरावानं ती पेटवली, धूर सोडला आणि पायरीवर बसला. "बरी आहे," तो म्हणाला.

"बरी?" दस्तगीरच्या नाकावर राग चढायला लागला. "अवो राव, दोन मुलूख..."

पण तो तिथंच थांबला. बाजाराच्या गर्दीतून अंबाबाई येत होती. आज तिच्या डोक्यावर भारा नव्हता. भारा तिच्या मागून चालणाऱ्या माणसाच्या डोक्यावर होता. पायांवर लाल माती नव्हती, धुळीचा रंग आपल्याकडचाच होता. दुकानापाशी येऊन त्यानं भारा उतरवला आणि घाम पुसला. डाव्या भुवईवर खोक होती.

दस्तगीर दुकानातून खाली रस्त्यावर उतरला. पेठेत कुणी त्याला गिऱ्हाइकासाठी खाली उतरताना पाहिलं नव्हतं. त्यानं आधी खाकरून घेतलं. नाव त्याला ठाऊक होतं, घरातल्या सगळ्यांना पाठ होतं. तरी त्यानं त्या माणसाचा हात धरला आणि विचारलं,

"नाव काय रं भाऊ तुझं?"